भट्टीची वेळ

सरस्वतीबाईंनी पदराखालून कोरं बोळकं काढलं आणि सुकन्या सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. आत हळद-कुंकू, एक सुपारी.

"पहाटं नात झाली न्हवं, तिच्या नाळेसंगची वार द्या. न्हाणीपाशी पुरायची हाय."

"देता येत नाही, आजी. तुमच्या सुनेला कावीळ आहे, रक्तातून पसरणारी. वारेलाही हात लावायचा नसतो."

"मी लावतच न्हाई. तुम्हीच टाका ह्याच्यात."

दाराशी सफाईवाली कोंडाबाई जाड हातमोजे घालून उभी होती. हातात पिवळी पिशवी, पिशवीचं तोंड आवळलेलं, वर सुनेच्या नावाची चिठ्ठी.

"बांधलेली पिशवी पुन्हा सोडत नसतेत," ती म्हणाली. "परसाद हाय का, घरला न्यायला? चला सिस्टर, पिशव्यांचा गाडीवाला हॉर्न देऊन राहिलाय."

"मग तुम्ही कुठं पुरता?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

सुकन्या अडखळली. रजिस्टरमध्ये ती रोज 'विल्हेवाट' लिहायची. तो शब्द आता तोंडातून निघेना.

"पुरत नाहीत, आजी. भट्टीत जाते."

"जाळतेत?" म्हातारीने वॉर्डाकडे पाहिलं. "लेकरू जितं हाय की, बाई."

इतका वेळ एका हाताला लोंबणारी पिशवी कोंडाबाईने दोन्ही हातांत धरली, अंगापासून लांब, आणि हळू पायऱ्या उतरली.

"किती वाजता पेटवतेत?"

"कशाला, आजी?"

"त्या येळंला लेकराला पोटाशी धरून बसते. एकलं नको ऱ्हायला."

सुकन्याला वेळ माहीत नव्हती. आजवर कुणी विचारलीच नव्हती. तिनेही नाही. अकरा महिन्यांपूर्वी तिची ऋतुजा इथेच झाली, तेव्हाची पिशवीही कोंडाबाईनेच बांधली होती.

"चारला," सुकन्या म्हणाली.

चार वाजता ती वॉर्डात गेली. सरस्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नात पोटाशी. वर पंखा फिरत होता, तरी त्या पदराने तिला वारा घालत होत्या. बाळ झोपेत दचकलं. सगळीच बाळं दचकतात.

सुकन्या बाहेर आली, घरी फोन लावला.

"आई, ऋतुजाला उचलून घ्या जरा."

"आत्ताच तर निजलीय गं. काय झालं?"

"काही नाही. घ्या. मी सांगेपर्यंत खाली ठेवू नका."