आप्पासाहेबांचे कंडेन्सर

“हा घे. आकडा न् आकडा तोच,” म्हणत आप्पासाहेबांनी पत्र्याच्या डब्यातला कंडेन्सर सुनेपुढे धरला.

शालिनीच्या हातातही एक होता, सकाळीच बाजारातून आणलेला. मध्ये टेबलावर कॉम्प्युटर झाकण काढून पडला होता. मदरबोर्डवरचा मूळ कंडेन्सर टोपी फुगून गेला होता. चार वाजता टिळक नगरातल्या नऊ मुली तिच्या क्लासला पहिल्यांदा येणार होत्या. त्यांच्या वडिलांना ‘बघू तर खरं’ एवढंच पटलेलं. पडदा काळा दिसला असता, तर दुसऱ्या दिवशी कोणी फिरकलं नसतं.

“तुझा पंचवीस व्होल्टचा. जुन्यावर सोळा आहे.”

“वरचा चालतो, आप्पा. खालचा नको.”

“चालतो! रेल्वेच्या तारखात्यात ‘चालतो’ म्हणून आम्ही कधी काही लावलं नाही.”

“तुमचा किती सालचा?”

“तू परकर नेसत होतीस तेव्हाचा,” आप्पासाहेब अभिमानाने म्हणाले.

कंडेन्सरच्या आतली ओल वर्षांनी वाळते, हे सासऱ्यांना कसं सांगायचं? शालिनीने मीटर त्यांच्याकडे सरकवला. “तुम्हीच बघा ना लावून.”

चांगल्या कंडेन्सरला काटा झेप घेतो आणि सावकाश परततो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी तारा टेकवल्या. काटा जागचा हलला नाही. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसरा. खिडकीतला कूलर घुरघुरत होता. डब्यातले चौदाही झाले.

शेवटी त्यांनी हात पुढे केला. तिने नवा दिला. काटा टुणकन उडाला आणि सावकाश मागे आला.

आप्पासाहेब काट्याकडे बघत राहिले. मग हसायलाच लागले, ठसका लागेपर्यंत. “अगं, सगळे केव्हाच रिटायर झाले! आणि मी दर दिवाळीला त्यांना पुसून ठेवतोय!”

शालिनीलाही हसू आवरेना.

“दात काढू नकोस. वजा बाजू कुठली?”

“ही पट्टीकडची.”

“पुन्हा बघ. उलटा बसला तर फटाका वाजेल.” तिने पुन्हा बघितलं. त्यांनी श्वास रोखून सोल्डरिंग केलं.

पडदा उजळला. नवा कंडेन्सर मात्र इतका उंच होता की झाकण बसेना. तेवढ्यात मुली आल्याच. पडदा बघायचा सोडून सगळ्या उघड्या कॉम्प्युटरवर वाकल्या.

“दादाजी, ये मोटावाला क्या करता है?”

आप्पासाहेबांनी सुनेकडे पाहिलं.

“तुम्हाला विचारतायत,” शालिनी म्हणाली. ती मुलींमध्ये सतरंजीवर जाऊन बसली आणि तिने मांडीवर वही उघडली.