कुलूपबंद आकडा

“एकच तर आकडा आहे, पुसून टाका,” औषध कंपनीचे मालक धारवाडकर म्हणाले. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधात विषारी द्रव्य मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं आणि फाटकाशी भरलेला ट्रक निघायच्या तयारीत होता.

“पुसता येत नाही, सर,” प्रयोगशाळेची प्रमुख मृण्मयी म्हणाली. “तपासणीचा आकडा यंत्रातून थेट क्लाउडवर जातो आणि तिथे सात वर्षं कुलूपबंद राहतो.”

“कुठल्या शहाण्याने लावलं हे कुलूप?”

मृण्मयीने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. त्यात गळ्यात हार घातलेले धारवाडकर याच खोलीत नारळ फोडत होते आणि शेजारी परदेशी ग्राहक कौतुकाने पाहत होते. यापुढे इथला आकडा खुद्द मालकालाही पुसता येणार नाही, असं त्यांनी त्या दिवशी भाषणात सांगितलं होतं. टाळ्या पडल्या, पाठोपाठ मोठी ऑर्डरही मिळाली.

“अहो, ते बोलायचं असतं!” धारवाडकर कळवळले. “कुणी खरंच करतं का?”

“माझं चुकलंच, सर. मी खरंच केलं.”

आकडा राहणार म्हटल्यावर औषध राहू शकत नव्हतं. धारवाडकरांनी फाटकावर फोन करून ट्रक रिकामा करायला आणि सगळा माल नष्ट करायला सांगितलं. दारापर्यंत जाऊन ते पुन्हा वळले.

“निदान त्या भाषणाचं रेकॉर्डिंग तरी काढून टाका.”

“तेही त्याच कुलपात आहे, सर,” मृण्मयी म्हणाली. “जपून ठेवा, असं तुम्हीच म्हणाला होतात.”