अठरा तास

डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा उषाबाईंनी शेजारच्या जगन्नाथ गुरुजींना बोलावून घेतलं. गुरुजी वाटूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुकुंदाचा न्यूझीलंडहून नुकताच फोन आला होता, विमानात बसतोय म्हणून.

"गुरुजी, पोरगं किती तासांत येतंय? बराबर सांगा. तेवढा जीव धरून ठेवते."

गुरुजींनी घरून पृथ्वीचा गोल आणला. ऑकलंडपासून मुंबईपर्यंत दोरा ताणला, आपलाच भरवसा नसल्यानं पुन्हा ताणला. बारा हजार तीनशे किलोमीटर. तासाला नऊशे धरले, मधे विमान बदलायचे चार तास मिळवले.

"अठरा तास. उद्या दुपारी बारा."

"मंग बाराच्या आत काय मी मरत न्हाई," उषाबाई हसल्या.

मग दर थोड्या वेळानं त्या किती वाजले ते विचारत राहिल्या. सकाळी डॉक्टर येऊन चकित होऊन गेले. बारा वाजले तशी त्यांनी दाराकडं मान वळवली. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले.

"न्हाई आला, गुरुजी," त्या पुटपुटल्या. "त्याला यायचंच नव्हतं." आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

विमान मुंबईला वेळेवर उतरलं असणार. तिथून वाटूरपर्यंतचा दहा तासांचा रस्ता आपण धरलाच नाही, हे सांगायला गुरुजी घाईघाईनं खाटेवर वाकले, तेव्हा ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.