हिरवं की किरमिजी

"हाच," म्हणत बाबांनी किरमिजी रंगवलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

वकीलसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, कपाळाला हात लावला. काल याच खुर्चीत बसून, याच खिडकीच्या उजेडात, बाबांनी हिरव्या तुकड्याला तितक्याच ठामपणे 'हाच' म्हटलं होतं. त्याआधीच्या रविवारी पुन्हा किरमिजी.

टेबलावर वीतभर लांबीचं नमुन्याचं इंजिन बिनरंगाचं उभं होतं. बाबा मेल गाडी चालवायला लागले ते वर्ष वकीलसाहेबांना हुबेहूब उभं करायचं होतं. स्टेशन झालं, सिग्नल झाले, पाण्याची टाकी झाली. घोडं अडलं रंगापाशी. नेमक्या त्याच वर्षी रेल्वेनं हिरवा रंग सोडून किरमिजी घेतला होता, आणि तोही एकदम नाही. जे इंजिन वर्कशॉपात येईल ते रंगवायचं. बाबांचं कधी गेलं, देव जाणे! जुन्या मासिकात ते हिरवं होतं. संग्रहालयातला माणूस किरमिजीवर पैज लावायला तयार. घरातला फोटो काळापांढरा. एका पोस्टकार्डावर तर इंजिन चक्क निळं होतं, पण त्यावरची झाडंही निळीच होती. जितकं शोधावं तितका गुंता वाढत होता. खात्रीचा साक्षीदार एकच उरला, आणि तो दर वेळी साक्ष फिरवत होता.

"दादा, आता तरी पटलं?" धाकटी बहीण स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाली. पण म्हाताऱ्याचे कान तिखट होते. ती पुढे म्हणाली, "ज्या इंजिनावर उमेदीची वर्षं घालवली, त्याचा रंग आठवत नाही. उद्या गॅस बंद करायला विसरतील. मी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि हे घर बंद करू या आता. एकटं नको ठेवायला."

बाबा शब्दकोडं पेनानं सोडवत. जावयाचा वाढदिवस बहिणीच्या आधी त्यांना आठवे. मग नेमका रंगच कसा पुसला जातो? वकीलसाहेबांना भीती वाटली, आणि आपल्या छंदाचा रागही आला. हे दोन पत्र्याचे तुकडे रंगवलेच नसते, तर म्हातारा आपल्या घरात सुखानं राहिला असता.

"मी कुठेही जाणार नाही," बाबा म्हणाले.

"मग सांगा ना, हिरवं की किरमिजी?" बहीण पुढे येऊन म्हणाली.

बाबांनी दोन्ही तुकडे उचलले. उजेडात धरले, उलटसुलट करून पाहिले. मग हरलेले पत्ते टाकावेत तसे टेबलावर टाकले.

"डोकं ठिकाणावर आहे माझं. डोळेच जन्मापासून असे आहेत. मला हे दोन्ही तुकडे एकसारखेच मातकट दिसतात."

वकीलसाहेबांना इतकं हायसं वाटलं की ते मोठ्यानं हसले. म्हणजे मेंदूचा डॉक्टर नको, घर बंद करायला नको! बहीणही डोळे पुसत हसायला लागली. आणि मधेच वकीलसाहेबांचं हसू थांबलं.

"बाबा... मग सिग्नल?"

"दिवसा काय, सिग्नलचा हात पडलाय की नाही ते लांबूनही दिसतं. रात्री फायरमन ओरडून सांगायचा."

"आणि डोळ्यांची तपासणी?"

"त्या रंगीत ठिपक्यांमधले आकडे पाठ केले होते."

बाबांच्या गाडीला रोज दहा-बारा डबे असत, आणि सगळे भरलेले.

"आईला ठाऊक होतं हे?" बहिणीनं विचारलं.

"तिनंच तर पाठ करून घेतले," बाबा म्हणाले. "रेल्वेचा फुकटचा पास असताना ती तुम्हाला घेऊन माहेरी बसनं जायची, ते काय उगाच?"