मालकांच्या नावाची गोगलगाय

ज्वालामुखीच्या एका बेटावर मला तांदळाच्या दाण्याएवढी एक नवी गोगलगाय सापडली. जगात ती फक्त एकाच उतारावर राहते, आणि नेमका तोच उतार दगडाच्या खाणीसाठी फोडायचा ठरला होता. तसं लिहून मी खाणमालकांना चार पत्रं पाठवली. चारही पाकिटं न फोडता परत आली.

मग सहा वर्षं शंख मोजून, चित्रं काढून तयार केलेला माझा निबंध छापून आला. तो पाहून ताई माझ्यावर उखडलीच.

"नव्या जातीला नाव द्यायचा मान तुझा, आणि तू त्या खाणवाल्याचं नाव दिलंस? काही वाटलं कसं नाही तुला?"

"एकदा छापलेलं नाव कुणालाच बदलता येत नाही, ताई. त्यालासुद्धा नाही. जरा दम धर."

मालक मात्र हरखून गेले. त्यांनी सभागृह घेतलं, पत्रकार बोलावले, गोगलगायीचा भिंतभर फोटो लावून खाली आपलं नाव झळकवलं. सत्कारासाठी मलाही मानाने बोलावलं. निबंध काही त्यांनी वाचला नव्हता.

पहिल्या रांगेतल्या एका पत्रकार बाईंनी विचारलं, "साहेब, तुमच्या नावाची ही गोगलगाय राहते कुठे?"

मालकांनी हसत माईक माझ्यापुढे सरकवला. "बाई, तुम्हीच सांगा."



मी पर्समधून परत आलेलं एक पाकीट काढलं, सगळ्यांदेखत फोडलं, आणि आतल्या पत्रातला त्यांच्या खाणीचा पत्ता मोठ्याने वाचून दाखवला.