टिलीची सावली

“बर्फ नको रे! साधं पाणी आण,” नोरीन ओरडली. “पोटावर ओत. पंजांवर ओत.”

क्लेमने बर्फाचं भांडं खाली ठेवलं आणि बागेतली नळी ओढत आणली. व्हरांड्याच्या फरशीवर टिली आडवी पडली होती. बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या हलत होत्या.

“असल्या दुपारी कावळेसुद्धा चोची वासून झाडात बसतात,” नोरीन म्हणाली, “आणि तू कुत्रीला घेऊन परसात पत्रे उचलतोस?”

“मी कुठं नेलं? तीच आली मागोमाग. आणि पत्रे कुणासाठी गं? तिच्याच सावलीसाठी ना? महिनाभर टुमणं तुझंच होतं.”

“सकाळी करायचं होतंस.”

“सकाळी मेंढ्या होत्या, राणीसाहेब.”

टुमणं तिचंच होतं, हे खरं. दुपार कलली की टिलीच्या लाकडी घरावर ऊन थेट यायचं. जुन्या गोठ्याचे पत्रे कुंपणापाशी गवतात वर्षानुवर्षं पडून होते. त्यातले चार उचलायचे, खांबांवर ठोकायचे, एवढंच काम होतं.

थोड्या वेळापूर्वी नोरीन ओट्यापाशी टोमॅटो चिरत होती, तेव्हा टिली जिवाच्या आकांताने भुंकली आणि एकदम गप्प झाली. खिडकीतून पाहिलं तर कुत्री कोसळलेली, आणि शेजारी क्लेम कुंपणाचा खांब धरून गुडघ्यांवर. ती धावत पोचली तोवर तो उभा राहिलाही होता. पायांत नेहमीच्या रबरी चपला.

“काही नाही गं. जराशी अंधारी आली. दोघांनाही ऊन लागलं, दुसरं काय!”

दुसरं काय! नोरीनच्या डोळ्यांसमोर बार्नी आला. तो त्यांचा आधीचा कुत्रा. क्लेम गावात एक ग्लास बियर प्यायला थांबला होता, बार्नी गाडीत, काच चार बोटं उघडी. एका ग्लासाला असा किती वेळ लागतो? क्लेमने त्याला आपल्याच हातांनी परसातल्या झाडाखाली पुरलं, आणि त्या दिवसापासून घरात नोरीनचा कायदा चालू झाला. सूर्य वर आला की फिरणं बंद. डांबरावर आधी आपला उलटा हात टेकवायचा, चटका बसला तर कुत्रीला उतरवायचं नाही. पाण्याच्या बादल्या दोन, कारण एक हमखास सांडते. गाडीच्या मागच्या पत्र्यावर ओलं पोतं टाकल्याशिवाय टिलीने पाय ठेवलेला नव्हता. शेजारपाजारचे हसत. म्हणत, नोरीनची कुत्री नव्हे, लेक आहे ती.

आणि तरीही आज हे.

पण पाण्याने जादू केली. टिलीने डोकं उचललं. मग पाय गोळा केले, उभी राहिली, अंग झटकून दोघांना चिंब भिजवलं आणि बादलीत तोंड घातलं.

“बघ!” क्लेम हसला. त्याच्याही तोंडावर रंग परतला होता. “माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. उगाच जीव खाल्लास माझा.”

नोरीन खालीच बसली, ओल्या फरशीवर.

“डोकं मात्र ठणकतंय माझं,” क्लेम म्हणाला.

“माझंही ठणकतंय. तुझ्यामुळे. जा, मागच्या खोलीत पड जाऊन. पडदे ओढून घे. आणि मला तोंड दाखवू नकोस, तुझ्याकडे नंतर बघते.”

तो आत जाऊन पडला.

टिली व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आली, शेपटी हलवून गेली. नोरीन टोमॅटोकडे वळली. पुन्हा बाहेर आली तेव्हा टिलीचे मागचे पाय फरफटत होते. ती ओकली. डोळ्यांच्या बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या.

नोरीनने तिला उचललं, ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि गाडीत घातलं. तेव्हा खिशात फोन नसत, मधे घरं नव्हती, नुसतं कापलेलं गव्हाचं रान. तिने गाडी अशी हाकली की मागे धुळीची भिंत उभी राहिली. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा टिलीच्या पोटावर. “थांब गं बाई, थांब,” ती सारखी म्हणत होती. क्लेमला उठवायला ती गेलीच नव्हती. कशाला जायचं? त्याने हे दुसरं कुत्रं मारलं होतं.

गुरांची डॉक्टर ब्रिजेट दवाखान्याच्या दारातच भेटली. तिने टिलीला टेबलावर घेतलं, हिरड्या पाहिल्या, पायातून रक्त काढलं.

“उन्हाने झालंय,” नोरीन म्हणाली. “पडली. मग पाणी ओतलं तशी उठली. अगदी बरी होती गं, शेपटी हलवत होती.”

“उठली?” ब्रिजेटने वर पाहिलं. “आपली आपण?”

“हो. मग पुन्हा गेली.”

सुईच्या जागेतून रक्त झिरपत होतं, थांबत नव्हतं. ब्रिजेट वळून कपाटाकडे गेली.

“हे ऊन नाही, नोरीनबाई. साप आहे. ब्राऊन जातीचा, जहाल विषारी. आधी पडतं जनावर, मग उठतं आणि वाटतं, काही झालंच नाही. सगळे तिथंच फसतात. दात इतके बारीक, की चावलेलं कळतसुद्धा नाही.” बोलता बोलता तिने औषध भरलं. “वेळेत आणलंत. वाचेल ही.”

नोरीन भिंतीला टेकली. रडू आणि हसू एकदमच आलं.

“म्हणजे क्लेमची काहीच चूक नव्हती! आणि मी त्याला नाही नाही ते बोलले. तुझा फोन दे गं पोरी, माफी मागते त्याची. झोपला असेल गाढ.”

“तो होता तिथं? साप होता तेव्हा?”

“होता ना. पत्रे तोच उचलत होता.”

ब्रिजेटचा हात थांबला. “त्याला काही झालं नाही ना?”

“छे! त्याला काय होतंय?” नोरीन डोळे पुसत म्हणाली. “जरासा पडला होता तोही, पण उठला की आपला आपण. अगदी ठणठ—”