समोरचं शटर

"समोरचं दुकान दहापर्यंत उघडलं नाही, तर आधी तिकडं जाऊन यायचं. मग आपली बोहनी," रूपचंदशेठ सुनेला म्हणाले होते. त्यांची उभी हयात नारायणगावात कापड विकण्यात गेली होती.

जागृती हसली होती. "बाबूजी, ते कापडाचं होतं. हे लॅपटॉपचं मार्केट आहे. इथं समोरचा बंद राहिला तर पेढे वाटायचे."

आता अकरा वाजत आले होते. समोर आदेशचं शटर कालच्यासारखंच खाली होतं. जागृतीनं त्याच्या भिंतीवरच्या फलकाकडं पाहिलं. भाव तोच, परवाचा. आज तिसरा दिवस. हरला वाटतं, ती मनात म्हणाली. काउंटरमागे दोन वर्षांची धृती झोपली होती. गावात डेंग्यूची साथ होती. बिल फाडता फाडता, गिऱ्हाईकाशी बोलता बोलता जागृतीचा हात लेकीच्या कपाळाकडं जायचा. गार लागलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

दोघांना माल देणारा पुण्याचा डीलर एकच. खोकं तेच, वॉरंटी तीच, फुकटची बॅगसुद्धा तीच. त्यात गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइनचा भाव काढूनच पायरी चढायचं. मग लढायला उरलं काय, तर भिंतीवरचा आकडा. सकाळी आदेश भाव लिहायचा. जागृती त्याहून शंभर कमी लिहायची. दुपारपर्यंत तो पुसून आणखी खाली यायचा. बी.कॉम.ला तिनं पूर्ण स्पर्धेची व्याख्या पाठ केली होती. त्यात असंख्य विक्रेते होते. इथं दोनच होते, आणि वर्षभरात दोघांच्याही हाती काही उरत नव्हतं. पण आधी थांबायचं कुणी?

आदेश डिंगोरे गावचा, दुकानात एकटाच. कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आले, टोमॅटोला भाव लागला, की लॅपटॉपची गर्दी व्हायची. मग तो गावी जायचाच नाही. रात्री दुरुस्त्या करत दुकानातच पडायचा.

परवा संध्याकाळी तो पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आला. जुलैच्या दमट हवेत अंगात स्वेटर, डोळे लालभडक. दाराची चौकट धरून उभा राहिला.

"वैनी, दोन दिस भाव हाय तसाच ऱ्हाऊ द्या. दोघंबी. मग पुन्हा भांडू की."

"का? नवा माल उतरतोय वाटतं?"

तो कसंनुसं हसला. "तुमी लई हुशार, वैनी." आणि पायऱ्या जपून उतरून गेला.

त्याची पाठ वळताच जागृतीनं फलक पुसला आणि एकदम दोनशे कमी केले. तो बदलायला बाहेर आला नाही.

तेव्हापासून तिची नजर त्या फलकावरच होती. काल भर दुपारी शटरच्या फटीतून ट्यूबचा उजेड दिसत होता. "आत गुपचूप माल लावतोय," तिनं नवऱ्याला, जिनेशला, फोनवर सांगितलं. कुरिअरवाला त्याच्या पायरीवर खोकं ठेवून गेला. बघा, आलाच माल! आत फोन वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. उचलत नाही, मिजास बघा. त्याची गिऱ्हाईकं तिच्याकडं येत होती. दोन दिवसांत महिन्याचा धंदा झाला.

तेवढ्यात खोडदचे सावळेराम लेकीला घेऊन आत आले. फलकाकडं बोट दाखवत म्हणाले, "टमाट्यापरीस तुमच्या लॅपटॉपचा भाव लवकर पडतोय राव! आमाला वाटायचं, आमीच तेवढं कमनशिबी."

जागृती हसली. खोकं काढायला वळली.

"आन् ह्यो समोरचा कुठं गेला? आता शटर वाजवून आलो. कोण उठंना."

"काल तर आत होता. आता गावाला गेला असेल."

"गावाला?" सावळेराम थांबले. "मग भाएर कुलूप का न्हाई लावलं?"

खोकं तिच्या हातातच राहिलं.

तिनं पाहिलं. शटरच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर कड्या होत्या. रोज रात्री ती स्वतः आपल्या शटरच्या अशाच कड्यांना कुलपं घालायची. समोरच्या कड्या रिकाम्या होत्या. दोन दिवसांत शंभरदा तिनं तिकडं पाहिलं असेल. दरवेळी नजर फलकापर्यंत गेली आणि वळली.

धृतीला सावळेरामांच्या लेकीजवळ सोडून ती रस्ता ओलांडून धावली. सावळेराम मागोमाग आले. दोघांनी शटरला हात घातला. आतली खिटी करकरली, दोनतीन हिसक्यांत तुटली. आत ट्यूब चालू होती, पंखा फिरत होता. आदेश काउंटरमागे खोक्यांच्या पुठ्ठ्यावर स्वेटरमध्ये गुरफटून, कुशीवर पडला होता. उशाशी फोन लुकलुकत होता: आई.

जागृती खाली बसली. हाताची मागची बाजू त्याच्या कपाळाला लावली. लेकीच्या कपाळाला लावताना जो ताप निघू नये म्हणून ती देवाला हात जोडायची, आता तिचा हात तोच ताप शोधत राहिला. कपाळ, गाल, मान. सगळीकडं नुसता गारवा होता.

फोन वाजायचा थांबला. पुन्हा वाजू लागला.

तुमच्याही समोर एखादं दुकान असेल. आज ते उघडलं नसेल, तर फलकावरचा भाव राहू द्या. उठा, रस्ता ओलांडा, आणि कुलूप बाहेरून आहे ना, तेवढं बघून या.